कॅटफिशचा चारा आणि तळाचं पाणी : प्रकल्प नोंदी

१४ मार्च

काम ठरलं. कॅटफिश, म्हणजे तळाशी राहणारा मिशांचा मासा, एका जागी जमवायला चारा टाकायचाच आहे, पण बादली ओतून वाट बघत बसायचं नाही. टाकलेल्या चाऱ्याचा वास पाण्यात नेमका कुठे जातो, हे आधी शोधायचं आणि गळ त्या वाटेवर टाकायचा. पाणी दोन प्रकारचं निवडलंय. एक तलाव, मध्यभागी साधारण ८ मीटर खोल. दुसरी संथ नदी, वळणावर डोह असलेली.

दोन्हीकडे गळाचा परवाना आहे आणि चारा टाकायला मनाई नाही, हे आधी विचारून घेतलं. बऱ्याच पाण्यांवर गळाला परवानगी असते पण चाऱ्याला नसते, आणि परवान्यावर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर तो विषयच नको.

या नोंदींत चारा म्हणजे पाण्यात मोकळा सोडलेला माल, आमिष म्हणजे गळाला लावलेला. दोन्हींची सरमिसळ केली की पुढचे सगळे हिशेब चुकतात.

आज पाणी १६ अंश. चॅनल कॅटफिश, म्हणजे आपल्याला हवी असलेली कॅटफिशची जात, सगळ्यात जोमाने खातो तो २६ ते २९ अंशांच्या आसपास. १० अंशांच्या खाली गेला की जवळपास तोंड मिटून बसतो. म्हणजे आत्ता घाई नाही, तयारीला वेळ आहे.

१६ मार्च

वाचन. या माशाच्या चवीच्या कलिका नुसत्या तोंडात नसतात. मिशांवर, ओठांवर, कल्ल्यांजवळ, पोटावर, पार शेपटीपर्यंत कातडीत पसरलेल्या असतात. मोठ्या माशाच्या अंगावर त्यांची संख्या १ लाखाच्या वर जाते. मिशा आठ: वरच्या जबड्याच्या दोन लांब, नाकपुड्यांजवळ दोन, हनुवटीखाली चार.

१९६७ साली बार्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुलहेड जातीच्या कॅटफिशवर प्रयोग केले होते. नाक निकामी केल्यावरही हे मासे केवळ चवीच्या जोरावर रसायनाच्या उगमापर्यंत पोचले. पण एका बाजूच्या मिशा काढल्यावर मासा शाबूत बाजूकडे वळत राहिला. म्हणजे डावीकडे जास्त की उजवीकडे, ही तुलना तो सारखी करत असतो. पुढे १९७५ मध्ये जॉन कॅप्रिओ यांनी चॅनल कॅटफिशच्या चवीच्या नसा अमिनो आम्लांना (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) किती हळव्या आहेत ते मोजलं. ॲलानीन आणि आर्जिनीन ही दोन त्यांतली ठळक.

माझ्या कामाचा मुद्दा एकच. अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात, तेल विरघळत नाही. माशाच्या तेलाचे चार थेंब टाकले तर आपल्या नाकाला दरवळ येतो आणि पाण्यावर सुरेख तवंग पसरतो. आपला मासा मात्र तळाशी असतो. तेलाच्या बाटल्या यादीतून काढल्या.

२२ मार्च

बादली भरली. मका आणि गहू निम्मे-निम्मे, झाकणाच्या बादलीचा तिसरा हिस्सा. वर वीतभर पाणी. धान्य भिजून जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे कडेपर्यंत भरणं म्हणजे दोन दिवसांनी जमीन पुसायची तयारी ठेवणं.

झाकण नुसतं टेकवलं, दाबून लावलं नाही. आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट झाकणाची बादली उन्हात फुगून उडते. कोरडं धान्य थेट पाण्यात टाकायचं नाही हाही नियमच. ते माशाच्या पोटात जाऊन फुगतं.

२७ मार्च

बुडबुडे येतायत, पाणी दुधट झालंय. मका बोटांत दाबला की सालातून गर बाहेर येतो. वास आंबट, थोडा दारूकडे झुकलेला. गुरांचं आंबोण चार दिवस विसरून राहावं तसा. माझ्याबरोबर येणारे काका झाकण उचलून बघायला गेले आणि दोन पावलं मागे आले.

"अरे, हे मासे बोलवायला आहे की हाकलायला?"

"काका, तुमच्यासाठी नाहीये ते."

एक लक्षात ठेवायचं. दाणा पाण्याच्या वर उघडा राहू द्यायचा नाही, तिथे हिरवी-काळी बुरशी धरते. आंबणं वेगळं, बुरशी वेगळी. बुरशी लागलेला माल पाण्यात टाकायचा नाही, मग किती का वाया जाईना. रोज एकदा काठीने ढवळून पाणी वर आणतोय.

३० मार्च

आजचा दिवस कागदावर गेला, पण सगळ्या कामाची दिशा इथेच ठरली.

वास "पसरतो" असं आपण सहज म्हणून जातो. पण अगदी निश्चल पाण्यात विरघळलेला लहान रेणू आपला आपण किती सरकेल? विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याचा, वेग धरून गणित केलं. सेकंदाला चौरस मीटरचा एक अब्जांश भाग, या जातीच्या रेणूंना हा आकडा साधारण लागू पडतो. उत्तर आलं, एक मीटर सरकायला पंधरा-सोळा वर्षं. मी दोनदा आकडेमोड तपासली. बरोबर आहे.

म्हणजे वास स्वतः कुठेच जात नाही. पाणी त्याला नेतं. ज्या दिशेला तळाचं पाणी सरकतंय त्या दिशेला चाऱ्याचा माग तयार होतो, बाकी दिशांना काही नाही. मासा बरोबर त्या मागावर आडवा आला तरच त्याला कळणार. मग "किती चारा टाकू" याआधी "तळाचं पाणी कुठे चाललंय" हे विचारायला हवं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी वाऱ्याकडे जातं, त्यात काय बघायचं?" वरचं जातं, हे खरं. तळाचं बघू.

साधन बनवलं. प्लॅस्टिकच्या दोन चौकोनी पट्ट्या एकमेकींत खाचा पाडून अधिक चिन्हासारख्या बसवल्या, खाली छोटं शिसं, वर तंगुसाची दोरी आणि दोरीच्या टोकाला बुचाएवढा तरंगा. दोरी जितकी लांब तितक्या खोलीवरचं पाणी या पट्ट्यांना ढकलणार. तरंगा मुद्दाम बारीक ठेवला, नाहीतर वारा त्यालाच ओढून नेईल आणि आपण वाऱ्याचीच दिशा मोजत बसू.

४ एप्रिल

तलाव. पश्चिमेचा वारा, सकाळपासून एकसारखा. तीन तरंगे सोडले: एक नुसता, एक १ मीटर दोरीचा, एक ३ मीटरचा. काठावर दर पाच पावलांना खुंटी ठोकली होती, त्या धरून सरकणं मोजलं.

नुसता तरंगा पूर्वेकडे पळाला. १ मीटरचा त्याच दिशेला, पण रेंगाळत. ३ मीटरचा आधी जागीच घुटमळला आणि मग सावकाश, पण नक्की, पश्चिमेकडे निघाला. वाऱ्याच्या तोंडावर.

कारण सरळ आहे. वरचं पाणी साधारण वाऱ्याच्या वेगाच्या दोन-तीन टक्के वेगाने ढकललं जातं आणि समोरच्या काठाला जाऊन साठतं. साठलेलं पाणी परत येणार कुठून? खालून. काका बराच वेळ त्या तरंग्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आपण आजवर पाठीवर वारा घेऊन बसायचो ते उलटं?" उलटंच. पाठीवर वारा असला की गळ लांब जातो, म्हणून सगळे तिथे बसतात. पण त्या काठाला तळाचं पाणी आपल्याकडे येतं. चाऱ्याचा वास काठाला येऊन लागतो आणि मासे सगळे पलीकडे. तोंडावर वारा घेऊन बसलं तर गळ टाकताना त्रास होतो खरा, पण तळाचं पाणी चाऱ्यावरून तलावाच्या मध्याकडे जातं. मासा तिकडून मागावर येतो.

१२ एप्रिल

पाणी २० अंश. पहिला चारा.

जाळीच्या पिशवीत किलोभर आंबवलेलं धान्य आणि दोन दगड. तोंड बांधून ३ मीटर खोलीवर तळाला टेकवली, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या खुंटीला. मोकळं धान्य फेकण्यापेक्षा ही रीत मला पटते. चारा किती आणि कुठे, दोन्ही हातात राहतं, निघताना पिशवी उचलून नेता येते आणि तळाला काही कुजत पडत नाही. दर पंधरा मिनिटांनी दोरीला हलका झटका. पिशवीतून पांढुरका ढग सुटतो आणि माग तुटत नाही.

तीन गळ, आमिष गांडूळ. एक पिशवीला लागून, दुसरा मध्याच्या दिशेने ५ मीटरवर, तिसरा १२ मीटरवर.

पहिला अर्धा तास बारक्या माशांचा. पिशवीला सगळीकडून टोचत होते. जवळच्या गळावरचं गांडूळ दोनदा कोरून नेलं. मग एक कासव आलं आणि पिशवीवर चढूनच बसलं. बारक्यांच्या या गोंधळाचा मला राग नाही. कॅटफिशचे कान तरंगपिशवीला बारीक हाडांनी जोडलेले असतात, त्यामुळे त्याला ऐकू चांगलं येतं आणि खाण्याची गडबड त्याला कळत असणार. तासाभराने ५ मीटरच्या गळावर पहिली ओढ. नंतरच्याही ओढी तिथेच, एक १२ मीटरवर. पिशवीला लागून एकही कॅटफिश नाही.

माझा अंदाज असा की मोठा मासा ढगाच्या मुळाशी घुसत नाही, मागावर अलीकडे थांबून वाहत येणारं टिपतो. पुढच्या वेळी जवळचा गळ टाकायचाच नाही.

१९ एप्रिल

वारा नाही. तरंगे जागच्या जागी. पिशवी तीच, जागा तीच, बारके मासे आणि कासव हजर, कॅटफिश नाही. ३० मार्चच्या गणिताला यापेक्षा चांगला पुरावा नको.

६ मे

नदी. इथे दिशेचा प्रश्न नाही, अंतराचा आहे. डोहाच्या वर, पाणी जिथे उथळावरून खोलात उतरतं तिथून मूठभर धान्य सोडलं. वरून बघताना सगळं एकत्र गेलं, पण तळाला कुठे टेकलं? धार सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटर, खोली २.४ मीटर.

७ मे

घरी उंच काचेच्या बरणीत दाणे सोडून वेळ मोजली. भिजलेला मका सेकंदाला साधारण १२ सेंटिमीटर बुडतो, गहू ८ ते ९. कोंड्याचा तर पत्ताच नाही, तो अर्धा तास बरणीत फिरत राहिला.

हे कालच्या धारेला लावलं. मक्याला तळ गाठायला २० सेकंद, तेवढ्यात धार त्याला ६ मीटर पुढे नेते. गहू ८ मीटरच्या पुढे. कोंडा डोह ओलांडून खालच्या उथळावर. म्हणजे आपण एका जागी टाकलेला चारा तळाला तीन वेगळ्या जागी पडतो आणि मासे त्याच्या मागे डोहाबाहेर जातात. ज्यांनी बादल्याच्या बादल्या ओतून वर्षानुवर्षं "आमच्या डोहात मासाच नाही" असं सांगितलं, त्यांनी मासे शेजारच्या डोहाला जेवू घातले असतील.

१० मे

चिकणमातीचे गोळे. माती दोन वाटे, धान्य एक वाटा, मूठभर कोंडा, पाणी बेताचं. मोसंबीएवढा गोळा वळला की दोन्ही तळव्यांत दाबून घ्यायचा. अंगठ्याने कड दाबल्यावर चीर पडली तर पाणी कमी, अंगठा चिकटला तर जास्त. आधी बादलीत तपासलं. चांगला गोळा पाच मिनिटं तसाच राहतो, मग वरून पापुद्रे सुटायला लागतात, आतला कोंडा बाहेर उसळतो आणि पंधरा-वीस मिनिटांत ढीग उरतो.

नदीवर गोळे सरळ तळाला गेले. जागा डोहाच्या तोंडाशी, गळ त्याच रेषेत खाली. धार गळाला बाजूला ओढते म्हणून शिसं जड घेतलं, घरंगळू नये असं चपटं. ओढी चांगल्या आल्या. दुपारनंतर काकांनी स्वतःच गोळे वळायला घेतले आणि माझे कसे बिघडलेत हे सांगत बसले.

२३ मे

पुन्हा तलाव. बाटलीत थर्मामीटर घालून दोरीने एकेक मीटर खाली सोडलं. वर २६, २ मीटरला २६, ३ मीटरला २५, ४ मीटरला १९, ५ मीटरला १७. चार मीटरच्या आसपास पाणी दुभंगलंय. वरचं गरम पाणी हलकं, खालचं थंड आणि जड, दोन्ही मिसळत नाहीत. ६ मीटरवरची बाटली वर आणून उघडली तर कुजक्या अंड्याचा वास. खाली प्राणवायू संपलाय. तिथे कितीही चारा टाका, मासा उतरणार नाही. वाऱ्याचं परतीचं पाणीही आता या सीमेच्या वरूनच फिरणार. पिशवी यापुढे ३ मीटरच्या आतच.

चारा किती टाकायचा याचाही हिशेब आज केला, कारण काकांचं मत अजून "जास्त टाकलं तर जास्त येतील" असंच आहे. धान्य म्हणजे बहुतांश पिष्ट. १ किलो पिष्ट पाण्यात पूर्ण कुजलं तर साधारण १.२ किलो प्राणवायू खातं. गरम पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. म्हणजे खाल्लं न गेलेलं १ किलो पिष्ट दीड लाख लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकतं. एवढं पाणी म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद, दीड मीटर खोल. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कॅटफिश खाणं टाकतो. आपणच चारा टाकून आपलीच जागा बंद करायची, त्याची ही रीत.

काका म्हणाले, "मग अर्धी पिशवी?" अर्धी पिशवी.

३१ मे

काठाच्या दगडांच्या कपारींत हालचाल. पाणी २७. विणीचा काळ आहे. या दिवसांत नर कपारीत अंड्यांवर राखण करतो, शेपटीने पाणी हलवत राहतो आणि खाण्याकडे त्याचं लक्ष नसतं. बाहेर काढला तर अंडी बारक्यांच्या तोंडी. कपारींजवळ चारा नाही, गळ नाही.

१४ जून

रात्री. दिवसा खोलात असलेले मासे अंधार पडल्यावर उथळाकडे सरकतात, म्हणून पिशवी दीड मीटरवर आणली. वारा तोंडावर, तरंग्याने दिशा बघून घेतली, दोन गळ ४ आणि ८ मीटरवर.

गोल वळणाचे गळ वापरतोय, टोक आत वळलेले. यांना झटका द्यायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. काकांचा हात सवयीने वर जातो आणि मासा सुटतो. तिसऱ्या वेळी त्यांनी रॉड आडव्या टेकणावर ठेवून दोन्ही हात खिशात घातले. मग लागला.

चांगला हातभर मासा. पाठीचा आणि दोन्ही छातीच्या परांचा पुढचा काटा ताठ करून अडकवलेला. हे काटे घासले की आग होते, कारण काट्याच्या कातडीत सौम्य विषाच्या ग्रंथी असतात. तळवा पोटाखालून घालून काट्यांच्या मागे बोटं बसवली की मासा शांत राहतो. विजेरीच्या उजेडात त्याच्या मिशा माझ्या मनगटावर फिरल्या. एकेक मिशी वेगळी हलत होती, चाखून बघत असल्यासारखी. आंबवलेल्या धान्याचा वास हाताला होताच. पोटात काय आहे ते मात्र बघितलं नाही, मासा परत सोडला.

२० जून

धान्याऐवजी माशाचा खिमा. याच तलावातले बारके मासे, डोकी आणि आतडी धरून, बारीक कुटून पाण्यासकट पेल्यात गोठवले. बर्फाचा गोळा तरंगतो म्हणून पिशवीत दगड वाढवले. फरक लगेच दिसला. धान्याला तास लागतो, याला वीस मिनिटं पुरली. विरघळलेली प्रथिनं आणि अमिनो आम्लं यात भरपूर, त्यामुळे नवल नाही.

पण बर्फ तासाभरात संपला आणि मागही संपला. धान्य अर्धा दिवस झिरपत राहतं. आता दोन्ही एकाच पिशवीत: खाली धान्य, वर गोठवलेला खिमा.

दुसऱ्या पाण्यातले मासे खिम्याला आणायचे नाहीत. रोग असे पसरतात, आणि गोठवल्याने विषाणू मरतातच असं नाही.

२८ जून

वर कुठेतरी जोरदार पाऊस. नदी गढूळ आणि दीड हात वर आली. धार इतकी की गोळे तळाला पोचण्याआधीच फुटतात. काका म्हणतात मोठे गोळे वळू. मला वाटतं, फुगत्या पाण्यात चारा टाकायची गरजच नाही. काठावरून गांडुळं आणि किडे आपोआप वाहून येतायत आणि कॅटफिश कडेच्या संथ पाण्यात तेच टिपत बसलाय. चाऱ्याशिवाय, काठाला लागून, फक्त गांडुळावर दोन मासे मिळाले.

पाणी उतरेपर्यंत नदीचं काम बंद. तलावासाठी कामं: पिशवीच्या दोरीला दर अर्ध्या मीटरवर रंगीत दोऱ्याची खूण, दुभंगाची खोली दर आठवड्याला मोजणं, आणि २ मीटर दोरीचा एक तरंगा काकांसाठी. त्यांना आता स्वतःचा हवाय.